शिवेची माती

पुस्तक देतो ना. नाही कोण म्हणतंय? वरच्या फळीवर आहे, कल्याण शहराचं वर्णन, कर्ते दौलतराव टिपणीस. आत नकाशाही आहे, घडी घातलेला, फाडू नकोस. तुला ठाण्याचं पुस्तक लिहायचंय, तर नमुना म्हणून ह्याहून चांगलं मुंबईच्या दुकानांतही मिळायचं नाही. तलाव, देवळं, बाजारपेठ, गटारं, कुठल्या आळीत कोण कधी येऊन राहिलं, सगळं दौलतने शिस्तीत मांडलंय. मुन्शिपालटीचे लोक अजून ते उघडून रस्ते आखतात. पण पोपट, आत्ता उठता उठता तू काहीतरी सहज म्हणालास, ते पुन्हा म्हण बघू. उद्या कुठे निघालायस?

बाळकुमला. बरं. तिथला कुणी म्हातारा डोक्यावर माती घेऊन तुला गावाची शीव चालून दाखवणार आहे. फारच छान. आणि ती माती त्याच्या डोक्यावर चढवणार कोण?

तूच.

बस खाली. नाही, बसच. रतन, तूही बस, आणि तो कंदील इकडे पायरीजवळ आण. तुमची मामी आत झोपलीय, तेव्हा मोठ्याने हसायचं नाही. तसं हसण्यासारखं ह्यात काही नाहीच. तुम्ही मुंबईला कालेजात जाता, तुम्हाला ह्या गोष्टी गमतीच्या वाटतात. दौलतलाही वाटायच्या.

दौलतकाका तुम्ही पाहिलेत. आठवतं का? मान ताठ ठेवून चालायचे ते. कुणी हाक मारली तर मान न वळवता सगळं अंग वळवायचे. तुम्ही दोघं अंगणात डोक्यावर पाट ठेवून त्यांची नक्कल करत होतात आणि मी तुमचे कान उपटले होते. मामा चिडका आहे म्हणून तुम्ही आईकडे तक्रार नेलीत. आज सांगतो का चिडलो होतो ते.

दौलत आणि मी एका शाळेतले. मी इथे ठाण्याच्या कचेरीत चिकटलो, तो कल्याणच्या मुन्शिपालटीत. मी नोकरी केली, त्याने गावाचं वेड घेतलं. रविवार आला की हा निघाला उन्हातान्हात, कधी एखाद्या मशिदीचा शिलालेख उतरवायला, कधी एखाद्या विहिरीत वाकून बघायला. आमच्या कमळावहिनी म्हणायच्या, "ह्यांनी कल्याणशी लग्न केलंय, मी नुसती जेवण वाढायला." मूलबाळ नव्हतं. पुस्तक हेच मूल. लिहून झालं, छापखाना ठरला, मुन्शिपालटीच्या अध्यक्षांनी प्रस्तावना दिली. राहिला फक्त नकाशा, आणि नकाशात राहिली फक्त खाडीकडची शीव. त्या बाजूला सरकारी मोजणीचे दगड आणि गावकऱ्यांचे दगड एकमेकांशी जुळत नव्हते. तिकडच्या गावाचं नाव मी घेत नाही, माणसं अजून नांदताहेत.

आता शीव चालणं म्हणजे काय, ते तुझ्या म्हाताऱ्याने तुला सांगितलं असेल. अर्धंच सांगितलं असेल. पूर्वी दोन गावांचा शिवेवरून तंटा पेटला आणि काही केल्या मिटेना, की मग हे करायचे. एकाने आंघोळ करून ओलेत्यानेच उभं राहायचं. पहिल्या दगडाखालची माती खणून नव्या टोपलीत भरायची, ती त्याच्या डोक्यावर चढवायची, आणि तो चालू लागायचा. तो चालेल ती शीव. मागे वळून पाहायचं नाही. टोपली भुईला टेकवायची नाही. पाठीमागे साक्षीदार असल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. शेवटच्या दगडावर माती ओतली की मोकळा. आणि एक. माती ज्याने चढवली, त्यानेच ती उतरवायची. चालणाऱ्याने आपल्या हाताने नाही. तिसऱ्या कुणी तर नाहीच नाही.

हे सगळं दौलतला पाठ होतं. पुस्तकात पानभर लिहिलंय त्याने, फार सुंदर लिहिलंय. पण त्याला ते लिहिण्यापुरतं खरं होतं. तंटा नव्हता, कुणी न्याय मागितला नव्हता. ह्याला नुसता नकाशा पुरा करायचा होता आणि जुनी चाल एकदा डोळ्यांनी पाहायची होती. नाटकाचा प्रयोग लावावा तसा ह्याने तो लावला.

चालायला तयार झाला काळुराम पाटील. गरीब बिचारा कुणी नव्हता हं. घरची भातखाचरं, मिठागरात हिस्सा, गळ्यात सोन्याचा गोफ, आणि बोलण्यात ऐट. त्याचा बाप पूर्वी खऱ्या तंट्यात ही शीव चालला होता आणि मरण्याआधी त्याने मुलाला सगळे दगड दाखवले होते. दुसऱ्या कुणाला ते सगळे ठाऊक नव्हते. दौलतने विचारलं तेव्हा गड्याने आधी गळ्यातला गोफ नीट केला. मग म्हणाला, "माझं नाव येल ना पुस्तकान? ना माझे बापाचं पन?"

"येईल तर! पहिल्याच पानावर," दौलत म्हणाला.

शके अठराशे नऊ, कार्तिकातली अमावास्या, मंगळवार. दिवाळी होऊन महिना झालेला. गाव गोळा झालं तर पलीकडचं गावही काठ्या घेऊन येईल, म्हणून दोघांनीच जायचं ठरलं. उन्हं कलायच्या सुमाराला पहिल्या दगडापाशी दौलतने स्वतः माती खणली, टोपलीत भरली, आणि काळुरामच्या डोक्यावर चढवली. सगळं कसं यथासांग व्हायला हवं ना! चढवताना काळुराम म्हणाला, "राव, चरवता खरी. उतरवाला हात तुमचेच लागतील." दौलत हसला. वहीत टिपून घेतलं त्याने ते वाक्य. आवडलं त्याला.

मग काळुराम पुढे, हा मागे, हातात होकायंत्र आणि कागद. बांधावरून, मिठागरांच्या कडेने, तिवरांच्या झाडीतून. ओहोटी लागलेली होती. खाडीचं पाणी मागे हटलं होतं आणि चिखलात मधला दगड उघडा पडला होता. भरतीला तो दिसतही नाही. तिथवर येईतो सूर्य बुडत आला. शेवटचा दगड पलीकडच्या तिवरांत, अजून बरंच चालायचं होतं.

आणि तेवढ्यात दौलतला आठवलं, छापखान्याचे मालक संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परतताहेत. नकाशा दगडावर काढून छापायचा असतो, त्याला वेळ लागतो. झाला तेवढा कागद त्यांच्या हाती पडला तर काम सुरू होईल. टेसन काही फार लांब नव्हतं.

"काळुराम, मी टेसनावर जाऊन आलोच. तू टोपली ठेव दगडावर, बस जरा."

"मना ठेवता येत नाय, राव. ज्यानी चरवली त्यानीच उतरवाची. तुमी उतरवा ना मंग जा."

पण मध्येच उतरवली की चाल मोडते. पुन्हा पहिल्या दगडापासून, पुन्हा पुढच्या अमावास्येला. दौलतला महिनाभर थांबायचं नव्हतं. त्याचा पाय निघाला होता.

"मग उभा राहा क्षणभर. आलोच म्हटलं ना!"

"रातचे भरती येल."

"अरे, भरतीच्या आत येतो!"

काळुराम उभा राहिला. पाठमोरा. मागे वळून बघायचं नव्हतं, म्हणून दौलत गेला तोही त्याने पाहिला नाही. नुसता पावलांचा आवाज ऐकला असेल.

टेसनावर छापखान्याचे मालक भेटले. कागद पाहून खूष झाले. म्हणाले, डब्यात चढा, ठाण्यापर्यंत मुखपृष्ठाचं बोलून घेऊ, परतीच्या गाडीने या. हा चढला. ठाण्याला उतरला आणि परतीची गाडी यायला अवकाश म्हणून माझ्याकडे आला. आमच्याकडे त्या दिवशी वालाचं बिरडं होतं. पुस्तकाच्या नादात हा इतका फुलला होता की जेवला, गप्पा मारत बसला, गाडी गेली. "जाऊ दे, सकाळी जाईन," म्हणाला. चिखलात एक माणूस उभा आहे, हे एका शब्दाने बोलला नाही. मला वाटतं, तो खरोखरच विसरला होता.

त्याला इथेच ओट्यावर अंथरूण घातलं, रतन बसलाय तिथे. मध्यरात्री मी पाणी प्यायला उठलो तर हा उठून बसलेला.

"काय रे, झोप नाही?"

"बापू, आज भरती किती वाजता?"

"मी काय कोळी आहे?" मी म्हटलं.

मग स्वतःशीच म्हणाला, "गेला असेल घरी."

"कोण?"

"कुणी नाही. झोप तू."

सकाळी मिठागरावरच्या माणसांना काळुराम सापडला. ओहोटी झाली होती. मधल्या दगडापाशी गुडघ्यांपर्यंत चिखलात रुतलेला, तसाच उभा. भरती त्याच्या डोक्यावरून गेली आणि उतरली, तरी हा पडला नव्हता. दोन्ही हात वर, टोपली धरलेले. टोपली मात्र नव्हती. हात काही केल्या खाली येईनात. तसेच... तसेच नेले त्याला.

दौलत दोन दिवस जेवला नाही. रडलाही. पण लोकांत काय म्हणाला? म्हणाला, "मी त्याला घरी जायला सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही." अध्यक्षांची प्रस्तावना होती ना पुस्तकाला. तिथे हे प्रकरण चिकटलं असतं तर पुस्तक बुडालं असतं. मला त्याने खरं सांगितलं ते पुष्कळ नंतर.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर कावळेच कावळे, एक खाली उतरेल तर शपथ. पोराबाळांना सांभाळू, शेत सांभाळू, सगळं बोलून झालं. ऊन चढलं. तेव्हा त्याची बायको सगुणा तशीच उठली आणि चालत कल्याणला दौलतच्या दारात आली.

"कावला शिवत नाय, राव. तुमी चला ना एकदा बोला, माती उतरवली म्हणून. दुसरा काय नको मना."

एवढंच मागत होती बाई. चार पावलं चालून एक वाक्य बोलायचं. पण सगळ्या गावादेखत ते वाक्य बोलणं म्हणजे माती मी चढवली आणि मी सोडून गेलो, हे कबूल करणं. दौलत छापून आलेले कच्चे कागद तपासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "अशा खुळ्या समजुतींना मी खतपाणी घालणार नाही." कमळावहिनी आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी मला सांगितलं, बाई भांडली नाही, रडली नाही. उंबऱ्याकडे बघून म्हणाली, "बरं. मंग तेच येतील," आणि गेली. तिकडे दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक घरी गेले.

पौषात पुस्तक आलं. मधल्या दगडाच्या पुढची शीव दौलतला ठाऊक नव्हती. काळुरामशिवाय कुणालाच नव्हती. ह्याने काय केलं, पट्टी घेतली आणि मधल्या दगडापासून पलीकडच्या टेकडीपर्यंत सरळ रेघ ओढली. काळुरामचं नाव पहिल्या पानावर नाही, शेवटच्याही नाही. "एका स्थानिक इसमाने" असं आहे बघ. राग येतो मला अजून. माझा मित्र होता तो, तरी येतो.

वाचनालयात सभा झाली, हारतुरे झाले, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. आणि त्याच पौषातल्या अमावास्येला रात्री, भरतीच्या वेळेला, दौलतला जाग आली.

दार कुणी वाजवत नव्हतं. नुसती हाक.

"राव..."

घरात खाडीच्या चिखलाचा वास भरला होता. कमळावहिनींनाही आला. दोघं अंथरुणात बसून राहिले.

"राव... माती उतरवा."

सकाळी ओट्यावर ओला चिखल. कुणी बराच वेळ एका जागी उभं राहावं तसा.

माघातल्या अमावास्येला हाक ओट्यावरून आली नाही. पडवीतून आली. पडवीचं दार आतून बंद होतं, सकाळीही बंदच होतं. आणि चिखल पडवीत, माजघराच्या उंबऱ्याला लागून.

तेव्हा दौलत माझ्याकडे आला. चेहरा पाहून मला कळेना की हाच तो. सगळं सांगितलं त्याने, काही न लपवता. मी म्हटलं, भगताला विचारू. तो म्हणाला, "भगत कशाला? तो काय मागतोय ते स्पष्ट सांगतोय की. मी घाबरतोय, बापू. ह्या खेपेला तो माजघरात येणार. तू ये."

मी गेलो. फाल्गुनातली अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, गुढीची काठी धुऊन कोपऱ्यात उभी केलेली. वहिनींनी देवापाशी समई लावली होती आणि त्या देवघरातून हलणार नाहीत असं म्हणाल्या होत्या. मी आणि दौलत माजघरात. मधे कंदील. त्याने सगळी दारं सताड उघडून ठेवली होती. म्हणाला, बंद ठेवून उपयोग काय?

आळीतली दारं मिटली. एक कुत्रं भुंकत होतं. मग तेही थांबलं.

आम्ही बोलत होतो. काय ते आठवत नाही. शाळेतलं काहीतरी. बोलता बोलता मला वाटलं, आपला आवाज फार मोठा येतोय.

वास आला.

आधी थोडा. मग एकदम.

ओट्यावर पाऊल वाजलं. ओलं पाऊल. सावकाश... जड. ओझं असलेला माणूस चालतो तसं. दुसरं पाऊल. पडवी. कंदिलाची ज्योत हलली नाही. वारा नव्हताच. पाणी ठिबकत होतं... टप... टप... उंबऱ्याच्या अलीकडे.

अलीकडे, पोरांनो.

मला काही दिसलं नाही. मी खोटं सांगणार नाही. जमीन मात्र ओली होत होती. तेवढीच. दोन पावलांपुरती.

"राव..."

एवढा जवळून. आणि आवाजात राग नव्हता रे. त्याचीच जास्त भीती वाटली. नुसता थकवा...

"...माती उतरवा."

दौलत उठला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं, अगदी हळू. पुढे गेला. त्या ओल्या जागेसमोर उभा राहिला. दोन्ही हात वर नेले. माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत. आणि काहीतरी धरलं.

हात एकदम खाली आले. वजनाने. त्याच्या दंडाच्या शिरा मी पाहिल्या. हातांत काही नव्हतं आणि तो वाकला होता.

"उतरवली," तो म्हणाला. "काळुराम... उतरवली."

कुणीतरी श्वास सोडला.

फार मोठा. फार वेळ कोंडलेला.

मग पावलं. परत. आता हलकी. पडवी, ओटा, आणि अंगण. वास गेला. कुत्रं भुंकलं. मला रडूच आलं. मी म्हटलं, "दौलत, सुटलास! सुटलास रे!"

तो तसाच उभा. वाकलेला. हात पुढे.

"बापू," तो म्हणाला, "ही ठेवू कुठे?"

"काय?"

"माती."

"अरे, ठेव खाली. टाक कुठेही."

"भुईला टेकवायची नसते. शेवटच्या दगडावर ओतायची." मग माझ्याकडे पाहिलं त्याने. ते डोळे मी विसरणार नाही. "तो दगड कुठाय, बापू? मी तर रेघ मारली पट्टीने."



हात ओझ्याने खाली येऊ लागले. मग त्याने ते ओझं उचललं... आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. मान ताठ केली. ती पुन्हा कधी वळली नाही.

हाक त्यानंतर आली नाही. पाडव्याच्या सकाळी सगुणाने छपराच्या पाख्यावर घास ठेवला, तो कावळ्याने ठेवता क्षणी उचलला, असं मिठागराचे लोक सांगत आले. काळुराम मोकळा झाला. त्याबद्दल मला शंका नाही, आणि बरं वाटतं.

पण दौलत? आठ दिवस तो दगड शोधत तिवरांतून हिंडायचा, आठ दिवस तापात पडायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवायला जायचा आणि अर्ध्यातच थांबायचा, वाकता येत नसे ना. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे. तो शेवटचा दगड कुणालाच ठाऊक नव्हता. आणि ऐका, अजून आहे. मुन्शिपालटीने नव्या हद्दीचे दगड रोवले, ते कशावरून? दौलतरावांच्या पुस्तकावरून. त्या सरळ रेघेवर. तिवरांत जे जुने दगड सापडले ते निरुपयोगी म्हणून उपटले आणि रस्त्याखालच्या कुठल्याशा मोरीच्या बांधकामाला लावले. ह्याने अर्ज केले, रेघ चूक आहे, मी चुकलो, म्हणून चौकात उभं राहून सांगितलं. लोक म्हणाले, "राव, पुस्तकात तर छापलंय!" जे वाक्य सगुणासाठी बोलायला तो तयार नव्हता, ते नंतर सगळ्या गावाला ओरडून सांगत राहिला बिचारा. कुणी ऐकलं नाही.

मला एकदा इथे बसून म्हणाला होता, "बापू, तू उतरव रे." मी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर नेले. खरंच नेले. नुसते केस लागले. ओले होते. चढवणारा दुसरा कुणी नव्हता त्याच्यावर, त्यानेच स्वतः चढवली होती. आणि त्याला स्वतःला ती उतरवता येत नव्हती.

प्लेगच्या आदल्या वर्षी तो गेला. तिरडी उचलली तेव्हा पायांकडचे सहज चालले, आणि डोक्याकडचे दोघं मध्येच थांबले. एकमेकांकडे पाहिलं. खांदा बदलला. पुन्हा थांबले. हाडांचा सापळा राहिला होता तो, पोपट, एका माणसाने हातावर न्यावा असा.

तिसऱ्या दिवशी मी आणि त्याचा पुतण्या अस्थी सावडायला गेलो. राख निवली होती. पुतण्या पायांकडून वेचत होता, मी डोक्याकडे. माझ्या हाताला काहीतरी कडक लागलं. हाड नव्हतं. राख झटकली. मातीची ढेप. चितेत भाजून निघालेली, विटेसारखी लाल. खाली गोलसर. आणि त्या गोलाव्यावर टोपलीची वीण उमटलेली. नवी बांबूची टोपली असते ना, तिची. एकेक पट्टी मोजता येईल अशी.

पुतण्याला मी दाखवली नाही. खाडीत टाकणार होतो, पण हात होईना. तिची जागा खाडी नव्हे. जिथे ओतायची तो दगड आता कुठल्या मोरीत आहे, देव जाणे. घरातही घेतली नाही. इथे ह्या पायरीखाली कोनाडा आहे, तिथे आहे. तू बसलायस त्याच्या खालीच.

उठू नकोस. रतन, कंदील खाली धर. दिसली? पोपट, हात लावून बघ. एवढे उन्हाळे गेले तिच्यावरून, शिवाय चितेत भाजलेली. लाव हात, काही करत नाही.

...

का रे? हात का मागे घेतलास?

ओली आहे ना?

बोटं नाकाशी ने... हो. खाडीच. आज तिथ कोणती, ते आता तूच आठव.